जुन्या करवतीचा जीर्णोद्धार

मुलांनो, वाशीम किंवा कारंजा येथील आरागिरणीत साग चिरणारी गोल, फिरती करवत तुम्ही पाहिली असेल. शंभर वर्षांपूर्वीची अशी करवत आता क्वचितच आढळते. ती भंगारात दिसली, तरी जाणता कारागीर घाईने विकत घेत नाही. प्रथम तो तिचे बिडाचे टेबल निरखतो. गंज घासून काढता येतो. पण बिडाला गेलेला तडा सांधणे फार कठीण.

टेबल अभंग असेल, तर उरलेले काम चिकाटीचे. पात्याचा आस ज्या मऊ मिश्रधातूत फिरतो, तो झिजलेला असतो. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली शोधलेला हा धातू वितळवून आसाभोवती पुन्हा ओततात. पात्याचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वळवितात. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते व पाते अडकत नाही.

मात्र पुष्कळ जुन्या यंत्रांना पात्यावर झाकण नसे आणि पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पट्टीही नसे. चीर मिटली, की लाकूड वेगाने उलट उसळे. कामगारांची बोटे जात. म्हणून शहाणा कारागीर या दोन वस्तू नव्याने बसवितो. जुन्या यंत्राचे सामर्थ्य जपावे. त्याचा धोका जपू नये.