जॅझचा तक्ता आणि कोल्हापूरची तालीम

संपादकांचा प्रश्न साधा होता: सध्या रेडिओवर जॅझचे कोणते नवे अल्बम वाजतात? कोल्हापुरात बसून रेडिओ लावला तर १०२.७ वर आकाशवाणी, ९४.३ वर टोमॅटो एफएम, ९८.३ वर मिरची. सिनेगीते, भावगीते, शेतीची माहिती, श्रोत्यांच्या फर्माइशी. या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळणार नव्हते. ते मिळाले सातासमुद्रापलीकडच्या एका तक्त्यात, आणि उत्तरापेक्षा तो तक्ता तयार कसा होतो यातच मी गुंतून पडलो.

तक्त्याचे नाव ‘जॅझवीक’. जॅझ लावणारी अमेरिकेतली रेडिओ केंद्रे दर आठवड्याला कळवतात, की कोणता अल्बम आमच्याकडे किती वेळा वाजला. त्यांची बेरीज होते आणि क्रम लागतो. अल्बम किती खपला, किती जणांनी ऐकला याची इथे दखलच नाही. मोजले जाते ते फक्त वाजवणाऱ्याचे मन. केंद्रावर नव्या अल्बमांचा ढीग येतो. तिथला संगीत विभाग सांभाळणारा माणूस तो ऐकतो आणि ठरवतो, की हा रोज लागावा, हा अधूनमधून, हा नकोच. मग त्यातली नेमकी कोणती रचना लावायची हे रात्रपाळीचा निवेदक ठरवतो. एकदा वाजली की एक ‘स्पिन’.

सिनेगीत साडेतीन-चार मिनिटांचे, संगणकात एकदा भरले की दिवसभर फिरत राहते. जॅझची एकच रचना आठ-दहा मिनिटे चालते. ती लावायची तर दोन गाणी आणि मधल्या जाहिराती सोडाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक स्पिनमागे कुणीतरी आपल्या वेळेवर पाणी सोडलेले असते. तक्त्यातला पहिला अल्बमही आठवड्यात काही शे वेळाच वाजलेला असतो. त्यामुळे एखाद्या गावातल्या एका निवेदकाला एखादा नवा पियानोवादक भावला, तरी क्रमांक हलतो. इतका थोडक्या माणसांच्या आवडीवर उभा असलेला आणि तरीही इतका प्रामाणिक हिशेब संगीताच्या धंद्यात मला दुसरा दिसला नाही.

अशा निवेदकांचा मेरुमणी म्हणजे विलिस कोनोव्हर. ६ जानेवारी १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून तो जगाला जॅझ ऐकवू लागला. सुरुवातीला एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचे ‘टेक द ए ट्रेन’, मग तो खर्जातला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलणारा आवाज. इंग्रजी जेमतेम कळणाऱ्यालाही वादकांची नावे टिपून घेता यावीत म्हणून ती सावकाशी. मॉस्कोपासून मुंबईपर्यंत शॉर्टवेव्हची खरखर सोसत लोक तो ऐकत. १९४८च्या कायद्यामुळे हे प्रसारण अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी करता येत नसे, त्यामुळे मायदेशात कोनोव्हर फारसा कुणाला ठाऊकच नव्हता. मुंबईत निरंजन झवेरींनी १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ भरवली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथे येऊन वाजवून गेला. त्याला दाद देणारे कान तयार करण्यात या आवाजाचा वाटा मोठा होता, असे मला वाटते.

पण कोल्हापूरचा या संगीताशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट तालमीचा आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक. त्यांचे धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडे मेनकाबाई शिरोडकर कोल्हापुरात शिकत होत्या, आणि बेळगावात जन्मलेल्या त्यांच्या मुलीलाही लहानपणी पहिली तालीम भूर्जीखाँकडेच मिळाली. ती मुलगी म्हणजे ठुमरी-दादऱ्यासाठी देशभर नाव झालेल्या शोभा गुर्टू. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबला शिकले आणि जॅझमध्ये गेले. तबला आणि ड्रम एकत्र मांडून जमिनीलगत बसायचे, मध्येच घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवायचा, ही त्यांची रीत. १९८८च्या त्यांच्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, राल्फ टाउनर आहे, आणि शोभाताईंचा आवाज आहे. पुढे १९९३च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्येही त्या गायल्या. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अंगणात पहिला सूर लावलेला गळा जॅझच्या तबकडीवर उमटला, ही गोष्ट आपल्या गावात फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

आता काळजीची गोष्ट. ज्या केंद्रांच्या जोरावर तो तक्ता चालतो, त्यांतली बरीचशी जाहिरातींवर नव्हे, तर श्रोत्यांच्या वर्गणीवर, विद्यापीठांच्या आधारावर आणि सरकारी मदतीवर उभी आहेत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी काढून घेतला. तो वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्याआधी मार्चमध्ये कोनोव्हरच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे जवळजवळ सगळे प्रसारण थांबवले गेले होते. मोठ्या शहरातले केंद्र वर्गणीदारांच्या बळावर तगेल. लहान गावातल्या केंद्राला पगारी माणूस परवडणार नाही. तो गेला की नव्या अल्बमांचा ढीग ऐकणार कोण? संगणक जुनीच लोकप्रिय यादी फिरवत राहील आणि नव्या वादकाचे दार बंद होईल. त्यात तिथला नियम असा, की साध्या रेडिओवर रचना वाजली तर रचनाकाराला मानधन मिळते, वादकाला काहीच नाही. वादकाच्या पदरात पडते ते फक्त नाव, आणि ते नाव उच्चारणारा निवेदकच आता कमी होत चालला आहे.

आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना लिलावात मोजलेला पैसा जाहिरातींतून काढावा लागतो. दहा मिनिटांची जॅझ रचना त्यांच्याकडून मागणे अन्यायाचे होईल. ज्याला ऐकायचे त्याला आज फोनवर न्यूअर्कचे ‘डब्ल्यूबीजीओ’ लावता येते. आपल्याकडे सकाळचे दूध तापत असते तेव्हा तिथे आदली रात्र असते, आणि रात्रीच्या निवेदकाची निवड ऐकायला मिळते. मात्र मुद्दाम शोधणाऱ्यालाच ते सापडते. रेडिओची ताकद न शोधणाऱ्याच्या कानावर काही नवे घालण्यात आहे.

म्हणून मागणे आकाशवाणी कोल्हापूरकडेच आहे. आठवड्यातला एक तास या संगीताला द्यावा, वादकांची नावे सावकाश सांगणारा निवेदक नेमावा, आणि पहिल्या दिवशी ‘उस्फ्रेट’ लावून भूर्जीखाँसाहेबांच्या तालमीची हकिकत सांगावी. वाचकांना हे पटत असेल तर त्यांनी केंद्राला एक पत्र जरूर लिहावे.