एक वाजता की सात वाजता?

जपानीत एक वाजता म्हणजे ‘इचिजी’ आणि सात वाजता म्हणजे ‘शिचिजी’. फळ्यावर फरक ढळढळीत दिसतो. फोनवर, मागे यंत्रांचा खडखडाट असताना तो ऐकूच येत नाही. म्हणून माझ्या वर्गात घड्याळाचा धडा फळ्यावर संपत नाही. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. एक जण वेळ सांगतो, दुसऱ्यानं लगेच उलट विचारायचं: ‘नानाजी देसु ने?’ सात वाजता ना? सातला ‘नाना’ही म्हणतात आणि घोटाळा टाळायला जपानी माणसंही तेच वापरतात. बऱ्हाणपुरात ‘नानाजी’ ऐकून वर्ग हसतो, आणि हसला की विसरत नाही.

इथे येणारे विद्यार्थी पोरवयाचे नाहीत. कुणी नर्स, कुणी पॉवरलूमवरचा जॉबर, कुणी डिप्लोमा करून नोकरी शोधणारा. घरी मराठी, बाजारात हिंदी, खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी निमाडी, असं त्यांचं रोजचं चालतं. व्याकरण पूर्ण झाल्यावर बोलू, असं त्यांनी कधीच केलेलं नाही. हेच माझं भांडवल.

मराठीचाही आधार मोठा. ‘मी भुसावळला जातो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा भुसावळ नि इकिमासु’ होतं: क्रम तोच, ‘ला’च्या जागी ‘नि’, क्रियापद शेवटी. ‘त्सु’ हा उच्चार अनेकांना जड जातो. ‘चूल’मधला च येणाऱ्याला तो आयता मिळतो. जोडाक्षरंही सोपी, म्हणून ‘योक्का’ म्हणजे चार तारीख नीट निघते. अडतं ते लांबवलेल्या स्वरावर. आठ तारीख म्हणजे ‘योओका’. तो ‘ओ’ आखूड झाला की ऐकणारा बुचकळ्यात पडतो, आणि डॉक्टरकडची वेळ चुकते. यावर आम्ही टाळ्यांचा सराव करतो: प्रत्येक मात्रेला एक टाळी. दोन्ही शब्दांना टाळ्या तीनच. फरक इतकाच की मधली टाळी एकात मुकी, दुसऱ्यात स्वराची.

भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये कुशल कामगारांविषयी करार झाला. त्याखाली जपानला कामाला जाण्याच्या व्हिसासाठी साधारणपणे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-4 पातळी किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा चालते. वृद्धांच्या काळजीच्या कामाला त्या क्षेत्राच्या जपानीची वेगळी परीक्षाही असते. जेएलपीटी असो की जेएफटी-बेसिक, समोर बसून बोलून दाखवावं लागत नाही. त्यामुळे पर्यायांवर खुणा करून उत्तीर्ण झालेला माणूस पहिल्या फोनला गप्प होऊ शकतो.

म्हणून आठवड्यातला एक तास फक्त प्रसंगांचा. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक फुकट मिळतं. जपानमध्ये राहून काम करताना लागणारे प्रसंगच त्यात धडे म्हणून आहेत. आजारपणाचा फोन घ्या. विद्यार्थी म्हणतो, ‘नेत्सु गा आरिमासु. यासुन्देमो ई देसु का?’ ताप आहे, सुट्टी घेऊ का? इथवर पाठ असतं. मग मी मुकादम होऊन पुस्तकात नसलेलं विचारते: तुझ्या जागी कोण येणार? दवाखान्यात गेलास का? समोरून हमखास उत्तर येतं, ‘हाइ’, म्हणजे ‘हो’.

ते ‘हाइ’ मी सोडत नाही. काही कळलं नसतं आणि चाळिशीच्या माणसाला तसं म्हणायची लाज वाटते. लहान मूल बिनदिक्कत ‘काय?’ विचारतं, घरात, कामावर मान असलेल्या माणसाला ते जमत नाही. त्यामुळे नाव-गाव सांगण्याआधी मी तीन गोष्टी शिकवते: ‘मो इचिदो ओनेगाइशिमासु’, पुन्हा सांगा; ‘युक्कुरि ओनेगाइशिमासु’, सावकाश सांगा; आणि ऐकलेलं परत म्हणून ‘देसु ने?’ जोडणं. ही तीन वाक्यं तोंडात बसली की शंभर शब्दांवरही माणूस निभावून नेतो. ती नसतील तर हजार शब्द कोरडे राहतात.

जपानी शिकायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी कुठल्याही वर्गात तासभर बसून पाहा. शिक्षक किती बोलतात ते राहू द्या, विद्यार्थी किती बोलतात ते ऐका. आणि कुणी ‘कळलं नाही’ असं जपानीत म्हणतं का, तेही पाहा. म्हणत असेल, तर तिथेच नाव घाला.