‘बनगरवाडी’ वाचली आणि छावणी आठवली

आम्ही माण आणि आटपाडीकडच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुली. आज आमच्या आवडत्या पुस्तकाविषयी सांगतो. ‘बनगरवाडी’ त्याचं नाव. कादंबरी म्हटलं की जाडजूड वाटतं, पण ही लहानशी आहे आणि आपल्याच मुलखातली आहे.

लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगूळ्याचे. जन्म १९२७ चा, पुस्तक १९५५ चं. गोष्ट मात्र त्याआधीची, औंध संस्थानातली. तेव्हा आटपाडीवर औंधच्या पंतप्रतिनिधींचं राज्य होतं. सांगली जिल्हा हे नाव तर १९६० साली आलं.

राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा आहे, पण पोरं नाहीत. पोर शाळेत बसलं तर मेंढरांमागं कोण जाणार? म्हातारा कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो आणि हळूहळू शाळा भरते. वाडी स्वतः राबून तालीम बांधते, ती बघायला राजा येतो. मग पाऊस दगा देतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, शाळा ओस पडते. शेवटी मास्तरही निघतो.

पहिल्यांदा वाचताना आम्हाला ही दुष्काळाची गोष्ट वाटली. नंतर एका बचत गटाच्या बैठकीत थोडी मोठ्यानं वाचली. शेकूच्या घरी बैल एकच. दुसरा मिळत नाही म्हणून त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. हे वाचताना आमचा आवाज कापरा झाला. एक आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, “त्यात काय, आम्ही दोघी जावांनी कोळपं ओढलंय की.” पुस्तकात नवल वाटलेलं घरात रोज घडत होतं, आणि आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

अंजीच्या चोळीवर जास्त बोलणं झालं. कारभाऱ्याची ही पोर मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, तो आणतो. एवढंच. पण वाडीत कुजबूज होते आणि कारभाऱ्याचं मन फिरतं. आमचं म्हणणं असं की, सगळी गोष्ट मास्तर सांगतो, त्यामुळं त्याचं दुःख आपल्याला कळतं, अंजीला काय वाटलं ते तिच्या तोंडून कळत नाही. पुस्तक आवडतं म्हणून ही उणीव झाकायची नाही. एस.टी. चुकली म्हणून ओळखीच्या मुलाच्या गाडीवरून घरी आलं की काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

आता आमच्यातलीच एक गोष्ट. २०१९ च्या दुष्काळात एकीच्या घरची जनावरं चारा छावणीत होती. भावाला शाळा बुडू नये म्हणून विट्याला मामाकडं ठेवलं. ती आईबरोबर छावणीत गेली, शेण काढायला आणि पाणी भरायला. परीक्षा आली तेव्हा निम्मा अभ्यास राहिला होता. शाळा ओस पडते ते पान आलं तेव्हा तिनं पुस्तक मिटलं. त्यावर तिची आई म्हणाली, “मला वाटलं, पोरगी जवळ असली की काळजी नाही.” याविषयी त्या दोघी पहिल्यांदाच बोलल्या.

कराडजवळच्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी आता आटपाडीच्या बऱ्याच शिवारांत पोचलंय. जिथं पोचलं नाही तिथं पोरं अजून पावसावर शिकतात.

पुस्तक गावच्या वाचनालयात विचारा. हप्ते गोळा झाले की एकीनं पंधरा मिनिटं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाला मध्येच काही आठवलं तर वाचणारीनं थांबायचं. आमचं पहिलं प्रकरण तीन बैठका चाललं होतं.