पंगत उठली, उरलेल्या अन्नाचे काय?

शेगाव म्हटले की उरलेल्या अन्नाची गोष्ट निघणारच. माघ वद्य सप्तमी, २३ फेब्रुवारी १८७८. देविदास पातुरकरांच्या घरी ऋतुशांतीची जेवणावळ झाली होती, उष्ट्या पत्रावळी बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांच्यावरची शिते वेचून खाताना गजानन महाराज बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांना दिसले. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथामुळे ही हकीकत आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. दरवर्षी प्रकट दिनाला आपण ती ऐकतो, हात जोडतो, जेवतो. आणि गावच्या भंडाऱ्याची पंगत उठली की उरलेला भात टोपल्यात भरून गोठ्याकडे नाही तर उकिरड्याकडे नेतो. माझे बोलणे आहे ते या टोपल्याबद्दल.

आधी गोठ्याचेच बोलतो, कारण तिथे जीव जातो.

मी सातवीत असतानाची गोष्ट. पोळा झाला. आदल्या दिवशी खांदशेकणी करून बैलाला जेवायचे आवतन दिलेले, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मिरवून आणलेले, घरी ओवाळून पुरणपोळीचा घास दिलेला. इथपर्यंत सगळे रीतीप्रमाणे. त्या वर्षी पाहुणे कमी आले आणि पुरण, पोळ्या, भात पुष्कळ उरला. रात्री आजीने मायेने सगळे एका घमेल्यात कालवले आणि धवळ्यासमोर ठेवले. वर्षभर राबतो, एक दिवस खाऊ दे पोटभर, एवढाच तिचा विचार. दुसऱ्या दिवशी बैल वैरणीला तोंड लावेना, रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, शेण पातळ आणि आंबूस वासाचे. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी तेल पाजा म्हणाले. त्यात दिवस गेला. डॉक्टर आले तोवर बैल खाली बसला होता. तो उठला नाही. रब्बीची मशागत समोर, आणि गोठ्यात एकच बैल. बाबांनी त्या साली दुसऱ्याचा बैल मागून पेरणी केली. आजी पुढे पोळ्याला पुरण शिजवायची, पण स्वतः खायची नाही.

पुढे शेतीशाळेत शिकलो तेव्हा कळले की दृष्ट वगैरे काही नव्हते. बैलाचे पोट कडबा आणि कुटार सावकाश पचवण्यासाठी आहे. ते काम पोटातले बारीक जंतू करतात. भात, पोळी, गूळ, पुरण हा माल एकदम भरपूर गेला की तो झपाट्याने आंबतो, आम्ल तयार होते, उपयोगी जंतू मरतात. अंगातले पाणी पोटाकडे ओढले जाते आणि जनावर आतून सुकत जाते. बाहेरून मात्र आपल्याला फक्त फुगलेले पोट दिसते. गायी-म्हशीचेही तेच, शेळीला तर आणखी थोडे पुरते.

म्हणून पोळ्याला बैलाला आधी वैरण द्या, मग ओवाळून एक-दोन पोळ्या द्या आणि तिथेच थांबा. उरलेल्याचे घमेले गोठ्यात ठेवूच नका, आणि पोरांनाही सांगून ठेवा, कारण प्रत्येक जण आपापली एक पोळी देतो आणि बैलाच्या पोटात वीस जातात. चुकून जास्त खाल्लेच तर वाट पाहू नका, पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ हा फोन नंबर त्यासाठीच आहे. डॉक्टर खाण्याचा सोडा पाजायला सांगतील, पण किती पाजायचा हे त्यांनाच विचारा. आणि पाजताना जनावराची जीभ ओढू नका, औषध फुप्फुसात गेले तर दुसरेच दुखणे मागे लागते.

आता घरातले. स्वयंपाकाचे मी काय शिकवणार, मायबहिणी मलाच चार गोष्टी शिकवतील. तरी भाताबद्दल बोलतोच. भात शिजला तरी त्यातल्या काही जंतूंचे बीज मरत नाही. गंजात ढीग करून ठेवलेला भात आतून कितीतरी तास कोमट राहतो, तिथे ते वाढतात, आणि त्यांनी केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येत नाही म्हणजे भात चांगला, हे खरे नव्हे. उरणार असे दिसले की तो लगेच परातीत पातळ पसरा, वरून स्वच्छ फडके टाका, दोन तासांच्या आत गार करा. फ्रीज असेल तर आत ठेवा. नसेल तर शेजारीपाजारी त्याच वेळी वाटून टाका. सकाळी फोडणीला घालायचा भात रात्री उशिरा शिजलेला असावा, आदल्या सकाळी दहाला शिजलेला नको. उन्हाळ्यात ताजा उरलेला भात मीठ-जिरे घालून वाटला की कडक उन्हात छान पापड्या होतात. पोळ्याच्या दमट दिवसांत तो खटाटोप करू नये, बुरशीच येते.

पुरण उरले तर मंद आचेवर कोरडे होईपर्यंत परता. ओल गेली की ते लवकर आंबत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे कानोले तळा, नाही तर दुधात भिजवलेल्या कणकेत मिसळून दशम्या लाटा. वरणात जवारीचे पीठ, कांदा, तिखट, सांभार घालून धपाटे थापले तर पोरं वरणापेक्षा आवडीने खातात. रोडग्याच्या जेवणातले रोडगे उरले की कुटून गूळ-तुपात चुरमा करावा. वांग्याच्या भाजीला मात्र दुसरा दिवस दाखवू नका. आणि ताक-कढी, कटाची आमटी कलई गेलेल्या पितळी गंजात ठेवू नका. कळकते, आणि मग अख्ख्या घराला उलट्या.

गावच्या भंडाऱ्यात, सप्ताहाच्या काल्यात घोटाळा होतो तो अंदाजाचा. ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना विनंती, की सगळा भात एकदम लावू देऊ नका. दोन पंगती उठल्या की माणसे मोजा, मग पुढचे आधण ठेवा. तांदूळ कच्चा उरला तर पुढच्या वेळी चालतो. ज्याला उरलेले वाटायचे त्याला ते वाढप्याच्या गंजातलेच द्यावे, ताटातले उष्टे नव्हे. पत्रावळ पळसाच्या पानांची असली तर ताटातल्या शितांसकट सरळ खताच्या खड्ड्यात जाते. थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती लग्नकार्यात दिसतात. प्लॅस्टिकच्या थैलीत गाठ मारून फेकलेले अन्न गाय थैलीसकट गिळते, आणि थैली पोटातच राहते.

कोंबड्यांना भात-पोळीचे तुकडे चालतात, पण खारट किंवा बुरशी आलेले नको. गांडुळांना तिखट-मीठ सोसत नाही, त्यांच्या वाफ्यात टाकू नका. उष्ट्याची खरी जागा गोबरगॅस. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली अशा पिठूळ खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ साली ॲशडेन हा परदेशी पुरस्कार मिळाला. शेणावर चालणाऱ्या आपल्या नेहमीच्या संयंत्रातही अन्न चालते, फक्त त्याचीही गत बैलाच्या पोटासारखीच आहे. एकदम बादलीभर भात ओतला की आतला माल आंबतो आणि गॅस बंद पडतो. शेणात कालवून रोज थोडे थोडे घाला, तेलकट रस्सा वेगळा काढा. भंडाऱ्याचे खरकटे एका दिवसात जिरवण्याची घाई केली तर चूल आठ-पंधरा दिवस पेटणार नाही, आणि मग घरातून बोलणी तुम्हालाच खावी लागतील.