परसातला उतार आणि लाकडी भिंत

कोकणात सपाट जागा थोडी आणि उतार फार असल्यामुळे घर बांधायचे म्हणजे आधी डोंगरकूस तासायची आणि निघालेली माती खालच्या अंगाला भराव म्हणून ओतायची, ही रीत तिथे पूर्वापार चालत आली आहे. या कामातून घरामागे उभा कापलेला कडा आणि घरापुढे सैल भराव अशा दोन दुबळ्या जागा तयार होतात, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस नेमका त्यांच्यावरच मारा करतो. उघड्या मातीवर थेंब आदळला की तिचे कण सुटे होतात, सुटे झालेले कण उतारावरच्या पाण्याबरोबर वाहू लागतात, त्या पाण्याचे ओघळ होतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत ओघळांच्या घळी होतात. छपराला पन्हळ नसेल, तर पागोळ्यांचे पाणी दररोज एकाच रेषेत पडून जोत्यालगत चर पाडते, ते वेगळेच. या धुपीला अडवणारी पारंपरिक गोष्ट म्हणजे जांभ्याचा चिरा किंवा बिनचुन्याचा दगडी गडगा. पण चिऱ्यांची गाडी जिथवर पोचत नाही तिथे, किंवा काम हलके आणि कमी उंचीचे असेल तर, अमेरिका आणि न्यूझीलंड या देशांत घराभोवती सर्रास उभारली जाणारी लाकडी भिंतही विचारात घेण्याजोगी आहे. मात्र तिच्याकडे दगडी भिंतीची स्वस्त नक्कल म्हणून पाहिले, तर ती हमखास फसते.

मातीला आधार देणाऱ्या भिंतीवर येणारा भार हा घराच्या भिंतीवरच्या भारासारखा वरून खाली येत नाही, तर आडवा येतो. सैल कोरडी माती ढीग करून ओतली तर ती साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर आपोआप स्थिरावते. त्याहून अधिक उभी ठेवायची, तर वरची जादा माती सतत पुढे सरकू पाहते आणि भिंतीला ढकलते. या रेट्याचे पहिले सुसंगत गणित शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मांडले, ज्याचे नाव पुढे विद्युत्‌भाराच्या नियमाशी कायमचे जोडले गेले. मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामात काही वर्षे घालवल्यानंतर त्याने लिहिलेला हा निबंध १७७६ साली छापला गेला, आणि १८५७ मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिन याने त्याच प्रश्नाला अधिक सोपे सूत्र दिले. त्या सूत्राने हिशेब केला, तर एक मीटर उंचीच्या भिंतीवर साधारण कोरड्या मातीचा रेटा दर मीटर लांबीमागे ३०० किलोग्रॅम वजनाच्या आसपास येतो. उंची दुप्पट केली की हा रेटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे १,२०० किलोग्रॅमपर्यंत जातो, आणि भिंतीला पुढे उलथवू पाहणारा जोर तर आठपट होतो, कारण रेटा वाढतो तसा तो ज्या उंचीवर लागतो ती उंचीही वाढते. घरच्या घरी बांधलेली कंबरेएवढी भिंत वर्षानुवर्षे टिकते आणि त्याच मापाच्या लाकडांची पुरुषभर उंच भिंत पहिल्याच श्रावणात ओणवी होते, त्यामागचे कारण एवढेच आहे.

पण मातीपेक्षाही पाण्याचा हिशेब अधिक भीतिदायक आहे. भिंतीमागे एक मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर त्या पाण्याचाच रेटा दर मीटर लांबीमागे ५०० किलोग्रॅम होतो, आणि पाण्यात बुडालेल्या मातीचा उरलेला रेटा धरला तर एकूण भार कोरड्या अवस्थेच्या दुपटीहून अधिक भरतो. शिवाय भिजलेल्या चिकणमातीची कणाकणांतली पकड सुटते ते निराळेच. म्हणून चांगल्या लाकडी भिंतीचा खरा भाग तिच्या पाठीमागे, नजरेआड असतो. भिंतीला लागून निदान ३० सेंटिमीटर रुंदीचा खडीचा उभा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारे पण गाळ अडवणारे भू-वस्त्र (रस्त्यांच्या कामात वापरतात तसले कृत्रिम धाग्यांचे कापड), तळाशी दर मीटरला एक सेंटिमीटर उतार दिलेला भोके पाडलेला नळ आणि त्या नळाला मोकळ्या जागेत तोंड, अशी ही रचना असते. खडीच्या माथ्यावर पुन्हा वीतभर चिकण माती ठोकून बसवतात, जेणेकरून वरचे पाणी थेट खडीत न उतरता बाजूला वळेल. उताराच्या वरच्या कडेला आडवा चर खणून पावसाचे पाणी भिंतीपर्यंत येण्याआधीच फिरवून दिले, तर अर्धे काम तिथेच संपते, आणि खर्च म्हणाल तर एका कुदळीचा.

लाकूड कुजते ते केवळ पाण्याने नव्हे. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा ही दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिला तर बुरशी वाढत नाही, आणि लाकूड पूर्णपणे पाण्याखाली बुडून राहिले तरीही ती वाढत नाही. व्हेनिस शहराच्या इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर शतकानुशतके उभ्या आहेत आणि आपल्याकडे विहिरीच्या कामात जांभळाचे लाकूड मानाने वापरले जाई, ते यामुळेच. भिंतीच्या खांबाची गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट असते: जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात त्याला ओलही मिळते आणि हवाही, त्यामुळे तो वरून खणखणीत दिसत असतानाच तिथे भुसभुशीत होतो. त्यात वाळवीची भर पडते. सागाचे मध्यकाष्ठ, म्हणजे खोडाच्या आतला गडद आणि पक्का भाग, त्यातील नैसर्गिक रसायनांमुळे वाळवीला बराच काळ दाद देत नाही, पण बाहेरचे फिकट रसकाष्ठ सागाचे असले तरी ती आनंदाने फस्त करते. तेव्हा ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानून कोवळ्या झाडाचे वासे घेण्यात शहाणपण नाही.

सागाशिवायचे लाकूड टिकवण्याच्या इतिहासात एक महत्त्वाचे पान भारतीय आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे द्रावण लाकडात मुरवण्याची पद्धत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली शोधून काढली. यातले क्रोमियम इतर दोन विषारी घटकांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते, त्यामुळे ते पावसाने सहजी धुऊन जात नाहीत. ही पद्धत पुढे जगभर पसरली, विजेच्या खांबांपासून परसातल्या भिंतींपर्यंत पोचली आणि अखेर तिच्यातील आर्सेनिकमुळेच अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून बहुतेक घरगुती वापरातून मागे घेतली गेली. तिची जागा आता तांब्यावर आधारलेल्या, आर्सेनिक नसलेल्या द्रावणांनी घेतली आहे. ती साध्या लोखंडाला लवकर गंजवतात, म्हणून अशा लाकडात जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावे लागतात. द्रावण ब्रशने फासून काही मिलिमीटरच आत जाते. ते खोलवर मुरवण्यासाठी बंद टाकीत आधी निर्वात आणि मग दाब निर्माण करावा लागतो, आणि अशा लाकडाला कापल्यावर उघडे पडलेले टोक पुन्हा द्रावणात बुडवावे लागते. जुने रेल्वे स्लीपर स्वस्तात मिळाले म्हणून भिंतीला लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यांत मुरवलेले डांबरी क्रिओसोट तेल त्वचेला आणि मातीला घातक असते. जिथे अळूचे, पालेभाजीचे वाफे आहेत तिथे त्यांना जागा देऊ नये.

प्रत्यक्ष बांधणीच्या दोन रीती आहेत. पहिलीत उभे खांब सुमारे सव्वा मीटर अंतराने गाडून त्यांच्या मागे आडव्या जाड फळ्या बसवतात. खांब जेवढा वर तेवढाच जमिनीखाली, हा नियम ऐकायला उधळपट्टीचा वाटला तरी मऊ जमिनीत त्याला पर्याय नाही. दुसरीत चौकोनी ओंडके विटांच्या थरांसारखे सांधे चुकवून एकावर एक रचतात आणि लोखंडी गजांनी एकमेकांत ठोकतात; या रीतीत मधल्या थरांतून काही ओंडके भिंतीशी काटकोनात मागच्या मातीत घुसवून त्यांच्या शेवटाला आडवे लाकूड जोडून पुरतात, ज्यामुळे ढकलणारी मातीच आपल्या वजनाने भिंतीला मागे धरून ठेवते. दोन्ही रीतींत भिंत ओळंब्यात न ठेवता मातीकडे किंचित, म्हणजे दर मीटर उंचीला सात-आठ सेंटिमीटर, कलती ठेवतात.

उंचीचा मोह आवरण्यासाठी अमेरिकेच्या आदर्श गृहबांधणी संहितेतील एक मर्यादा उपयोगी पडते: पायाच्या तळापासून चार फुटांहून, म्हणजे सव्वा मीटरहून, उंच किंवा माथ्यावर जादा भार पेलणाऱ्या भिंतीला तिथे परवाना लागतो. त्याहून उंच उतार असेल तर दोन ठेंगण्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर, ही रचना बरी, नाहीतर सरळ स्थापत्य अभियंत्याला गाठावे. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे जे घडले ते धूप नव्हे, दरड कोसळणे होते. तसल्या डोंगराखाली परसातल्या कोणत्याही भिंतीचा भरवसा धरू नये.

भिंतीला आयुष्य आहे आणि ते मोजके आहे हे एकदा मान्य केले, की तिच्या मागे काय लावायचे हा प्रश्न शोभेचा उरत नाही. आल्प्समधील देशांत ओंडक्यांच्या चौकटी रचून त्यांच्या थरांमध्ये विलोच्या ओल्या फांद्या खुपसण्याची रीत आहे. लाकूड कुजेपर्यंत त्या फांद्या मूळ धरतात आणि पुढे उतार त्यांच्या मुळांवर उभा राहतो. कोकणात हेच काम निर्गुडी आणि गिरिपुष्पाच्या फांद्या करू शकतात, आणि माथ्यावर वाळ्याची दाट रांग लावली तर तिची उभी, बारीक मुळे तीन मीटरपर्यंत खाली उतरून माती जखडतात. आंबा-फणसासारखी मोठी झाडे मात्र भिंतीपासून दूरच ठेवावीत. दरवर्षी आगोटीच्या कामांबरोबर नळाचे तोंड मोकळे करावे, वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर खरवडून त्या कुठून येतात ते पाहावे, आणि जमिनीलगत प्रत्येक खांबात अणकुचीदार पेचकस दाबून बघावा: तो पाव इंचापेक्षा अधिक सहज आत गेला, तर तेवढा खांब पावसाआधी बदलून घ्यावा.