दिल्ली दरवाज्याच्या आत

नांदगाव पेठच्या फाट्यावर सकाळी आठलाच ऊन लागते आहे. दिवाळी झाली, सुट्ट्या अजून बाकी आहेत. नागपूरकडून येणारे ट्रक एकामागून एक जातात, धूळ उठते, बसते, पुन्हा उठते. कापूस वेचायला निघालेल्या बाया डोक्याला दुपट्टे बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. फाट्यावर उभ्या माणसांचे डोळे मोर्शीच्या रस्त्याकडे लागलेले आहेत. एक बस येते, भरलेली. कंडक्टर आतूनच हात हलवतो. दुसरी थांबते.

अमरावतीच्या स्टँडवर परतवाड्याच्या फलकाखाली गर्दी आहे. गाडी लागताच खिडकीतून रुमाल, पिशवी, एक टोपी आत पडते. जागा धरली. बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून एका घरच्या तिघी-चौघी मिळून निघालेल्या दिसतात. मांडीवर डबे, डब्यांत पुरी-भाजी. एक आजी आधारकार्ड हातातच धरून बसली आहे. पंचाहत्तरीच्या पुढची आहे, तिला तिकीटच नाही.

"कुठी चालली आजी?"

"चिखलदऱ्याले. देवीले. अन् थंड हवा खाऊन येतो म्हणलं."

वलगाव जाते. आसेगावला पूर्णेचा पूल लागतो, पाणी अजून वाहते आहे. दोन्ही बाजूंना तूर उंच झाली आहे, कापूस फुटला आहे. पुढे संत्र्याच्या बागा सुरू होतात. आंबिया बहाराची फळे पिवळी पडू लागली आहेत, फांद्यांना बांबूचे टेकू दिले आहेत. उत्तरेला क्षितिजावर एक निळी रेघ आहे. ती जाड होत जाते. हा सातपुडा. भूगोलाच्या पुस्तकांत या रांगेला गाविलगडचे डोंगर म्हणतात. किल्ल्याचे नाव अख्ख्या डोंगररांगेला मिळाले आहे.

परतवाड्यात बस रिकामी होते आणि पुन्हा भरते. इथे थांबणे मोठे आहे. स्टँडवर आलुबोंड्याची कढई उकळते आहे. तर्री-पोह्यांच्या प्लेटा हातोहात जातात. पत्र्याच्या छपराखाली उकाडा साचला आहे. पोरे शर्टाची बटणे सोडून वारा घेतात. चिखलदऱ्याची गाडी कधी येईल, हे विचारायला चौकशीच्या खिडकीपाशी रांग आहे. आतला माणूस प्रत्येकाला तेच सांगतो, "येऊन रायली, येऊन रायली." जवळच अचलपूर आहे. जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. तिथला दुल्हा दरवाजा अजून उभा आहे आणि त्याखालून रोजची वाहतूक जाते. राजधानी खाली आणि तिचा आसरा वर डोंगरात, अशी ही जोडी. खालच्या शहरावर चाल आली की खजिना आणि माणसे वर जायची.

गाडी येते. यावेळी जागा धरायला रुमालही पुरत नाही.

धामणगाव गढी मागे पडते आणि घाट सुरू होतो. पहिल्या वळणांपर्यंत गप्पा चालू असतात, मग एकेक जण गप्प होतो. एका पोराचा चेहरा पांढरा पडतो. कंडक्टर न बोलता प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. साग दाट आहे, पाने मोठी, कडांना करपलेली. कठड्यावर वानरे बसली आहेत. खिडकीतून येणारी हवा कधी बदलली ते कळत नाही, पण आजीने पदर खांद्यावरून ओढून घेतला आहे. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा 1118 मीटर. एवढी चढण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते.

मोथ्याला म्हशी रस्त्यावर आहेत. हे गवळ्यांचे गाव. दोन्ही कडेला खवा, रबडी, दही यांची दुकाने. मोठ्या कढईत दूध आटते आहे आणि पळा फिरवणारा माणूस धुराने डोळे चोळतो. गाविलगड हे नावही गवळ्यांवरूनच पडले, असे मानतात. दगडी किल्ल्याच्या आधी इथे त्यांची मातीची गढी होती म्हणे. ती गढी कुणी पाहिलेली नाही. आटणारे दूध मात्र समोर आहे.

चिखलदऱ्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागते. नाक्यावर पावती फाडतात, म्हणून रांग. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. पुण्याच्या, नागपूरच्या, बऱ्हाणपूरच्या नंबरच्या गाड्या. माणसे उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. टोपलीत सीताफळे घेऊन बसलेल्या कोरकू बाया भाव सांगतात आणि मग काही बोलत नाहीत. घेणारा घेतो. आम्ही बस सोडून चालू लागतो.

गावात पाट्यांची गर्दी आहे. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, भीमकुंड. कॉफीची पुडकी टांगलेली आहेत. वऱ्हाडात कॉफी पिकते ती इथेच, या डोंगरावर. हे थंड हवेचे गाव 1823 मध्ये एका इंग्रज कप्तानाच्या नजरेस पडले, असे सगळीकडे लिहिलेले असते. तेव्हा शेजारच्या किल्ल्याला दगडी तट येऊन चारशे वर्षे होत आली होती.

किल्ल्याकडे जाणारा रस्ता दोनेक किलोमीटरचा आहे. गाड्या इकडे कमी वळतात. गवत कमरेएवढे, सुकून सोनेरी झालेले. भर दुपार आहे. वारा गार आहे आणि ऊन तापलेले, दोन्ही एकदम अंगाला लागतात.

पहिल्या दरवाज्यापाशी मात्र गर्दी दिसते. माणसे कमानीत उभी राहून फोटो काढतात. एक वडील पोराला खांद्यावर घेऊन आत डोकावतात.

"आत काय हाये?"

"काही नाही, जंगल हाये. चला, मोझरीले जाऊ."

ते वळतात. त्यांच्यामागून आणखी एक घर वळते. पायांत चपला आहेत, पाण्याची बाटली रिकामी आहे, पोर रडवेले झाले आहे. त्यांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. आत काय आहे हे सांगणारे इथे कुणीच नाही. निळा फलक आहे. त्यावरची बरीच अक्षरे उन्हापावसाने गेली आहेत.

कमानीतून आत गेले की आवाज एकदम कमी होतो. वाट दोन तटांच्या मधून जाते. काळ्या बसाल्टचे चिरे, चुन्याच्या रेघा, भेगांतून उगवलेले पिंपळ. वाट वळते, म्हणजे शत्रूला सरळ धावता येऊ नये अशी वळवली आहे. वरून दोन्ही बाजूंचा मारा अंगावर यावा, इतकी ती अरुंद आहे. इथे दोन-चार पावले चालले तरी पाठ आपोआप ताठ होते.

मग दिल्ली दरवाजा. शार्दूल दरवाजाही म्हणतात. मान वर करावी लागते. कमानीच्या माथ्यावर दगडात गंडभेरुंड कोरला आहे, दोन तोंडांचा पक्षी. त्याच्या चोचींत हत्ती. बाजूला सिंह, त्यांच्या पंजांखालीही हत्ती. कडा झिजल्या आहेत, पण उन्हाची तिरीप पडली की पिसे मोजता येतील इतके काम स्वच्छ दिसते. गंडभेरुंड ही दक्षिणेची, विजयनगरची खूण. ती सातपुड्यात कशी आली, याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. विजयनगरच्या मुलखातला एक ब्राह्मणाचा मुलगा लढाईत धरला जातो, मुसलमान होतो, बहमनी दरबारात वाढतो, फतहुल्ला इमाद-उल-मुल्क होतो. बहमनींनी वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन सुभे केले, त्यांतला गाविल त्याच्याकडे येतो. 1488 मध्ये तो या गडाची दुरुस्ती करतो. दोनच वर्षांनी, 1490 मध्ये, वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान होतो. एवढा प्रवास करून तो लहानपणच्या देशातला पक्षी दारावर बसवतो. या दाराखाली मी नेहमी रेंगाळतो. वऱ्हाडात असा दुसरा दरवाजा मी पाहिलेला नाही.

दगडी किल्ला त्याच्याही आधीचा. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की बहमनी सुलतान अहमदशाह वली 1425च्या सुमारास एलिचपुरात मुक्कामाला होता, तेव्हा त्याने गाविलगड बांधवला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली.

दरवाजा ओलांडला की किल्ल्याचा खरा आकार समजू लागतो. हे एक गावच होते. वाट उतरते, चढते, डावीकडे जोती दिसतात, उजवीकडे पडक्या भिंती. गवतातून मध्येच एक पायरी वर येते. तळी लागतात. देवतलाव, खानतलाव. पाऊस चांगला झाला आहे, पाणी काठोकाठ आहे. पाण्यावर हिरवा तवंग, काठावर खुरांच्या ताज्या खुणा. हा मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाचा शेजार आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतला तो एक. तेव्हा ऊन असेतो फिरावे आणि ऊन कलताच परतावे, हे इथले शहाणपण. एका गुराख्याला विचारतो, पाणी किती टिकते?

"सरत नाही ना भाऊ हे. उन्हाळ्यातबी असते. खाली आटते, इथं नाही."

डोंगराच्या माथ्यावर इतके पाणी साठवले होते, म्हणूनच वेढा पडला तरी फौज तहानेने मरणार नव्हती. एक मोठी लोखंडी तोफ तटावर आडवी आहे. पोरे तिच्यावर घोडा करून बसतात. लोखंड इतके तापले आहे की लगेच उठतात.

चढावर सगळ्यात उंच जागी मशीद आहे. समोर सात कमानी. मागचा भाग ढासळला आहे, त्यामुळे कमानींतून थेट आभाळ दिसते. कोपऱ्यावरच्या छत्रीत दगडाची जाळी आहे, बोट जाईल एवढी छिद्रे, प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी. इथे सावली मिळते. आम्ही बसतो. पाण्याची बाटली फिरते. वारा कमानींतून घुसतो आणि घाम सुकतो.

इथून दक्षिणेला कडा तुटतो. खाली वऱ्हाडचे मैदान, धुरकट, शेतांचे चौकोन. उत्तरेला मात्र कडा नाही. तिकडे डोंगराची सोंड जोडलेली आहे, लबाडा गावाच्या बाजूने. 1803 चा डिसेंबर समजून घ्यायचा तर इथेच उभे राहून दोन्हीकडे पाहावे लागते.

29 नोव्हेंबरला अकोल्याच्या बाजूला, तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला इंग्रजांपुढे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. उरलेले सैन्य गाविलगडावर आले. मागोमाग आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला. तो दक्षिणेच्या पायथ्याला राहिला. तिथून वर येणे अशक्य होते, हे या कड्यावरून कुणालाही दिसते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज लांबून फिरून उत्तरेला गेली. 7 डिसेंबरला निघाली, 12 ला लबाड्यापाशी पोहोचली. रस्ता नव्हता. झाडे तोडत, दरड फोडत रस्ता करायचा आणि त्यावरून वजनदार तोफा माणसांनी, बैलांनी ओढायच्या, असे ते दिवस गेले. त्या तोफांनी बाहेरचा तट फोडला. 15 च्या सकाळी सैन्य आत घुसले. पण बाहेरच्या किल्ल्याच्या आत हा दुसरा किल्ला, मध्ये घळ, घळीपलीकडे पुन्हा तट. एका पलटणीने कड्यावरची चढण शोधली, शिड्या लावल्या, आत उतरून दार उघडले. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला.

17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला आणि निजामाला मिळाला. आजचा अमरावती जिल्हा त्या पश्चिमेतच येतो. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले, तेही पुढे 1822 मध्ये गेले.

असाच एक डोंगरी किल्ला दूर पोलंडमध्ये आहे. तिथल्या सुडेटी डोंगरांत स्रेब्र्ना गुरा नावाचे गाव आहे. वर किल्ला, खाली त्याच नावाचे गाव. प्रशियाच्या राजाने 1765 ते 1777 मध्ये तो डोंगरी किल्ला बांधला. गाविलगड पडल्यानंतर चारच वर्षांनी, 1807 मध्ये, नेपोलियनच्या बाजूच्या फौजांनी त्याला वेढा घातला आणि तो त्यांना घेता आला नाही. आज तिथे जुन्या शिपायांच्या गणवेशातले वाटाडे लोकांना दारापासून आत नेतात. तोफ कुठे होती, पाणी कुठे होते, शत्रू कुठून आला, हे दाखवत नेतात. गाविलगडाला हे एवढेच हवे आहे. इथल्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत, ती कोरकू आणि गवळी पोरे शेजारच्या गावांतच आहेत.

मशिदीकडून पश्चिमेला वाट गवतात हरवते. पुढे बहराम बुरूज आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा किल्लेदार बहरामखान, त्याने 1577 मध्ये बांधला. फारसी शिलालेख आहे. अक्षरांवर बोट फिरवले की उठाव अजून लागतो. काही तट इतके सपाट झाले आहेत की ते काळाने झाले नाहीत हे कळते. 1858 मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून या बाजूला आले, तेव्हा त्यांच्या हाती किल्ला लागू नये म्हणून इंग्रजांनी तो निकामी केला.

ऊन कलते. परतीची वाट धरतो. दिल्ली दरवाज्याच्या आतल्या बाजूला सकाळच्या बसमधली आजी दगडावर बसलेली दिसते. देवीचे दर्शन करून नाती तिला इथवर घेऊन आल्या आहेत. एकीने आजीचे पाय मांडीवर घेतले आहेत. दुसरी विचारते, "काका, समोर पाहाले काही हाये का? लोक म्हणतात काही नाही."

मी सांगतो. वर पाहा आधी, हा दोन तोंडांचा पक्षी. मग सरळ, तळे डाव्या हाताला ठेवून. तळ्याच्या पुढे चढ आहे, आजीला तिथे सावलीत बसवा, कुणीतरी एकीने तिच्याजवळ थांबा. मशिदीच्या कमानींतून उत्तरेला पाहा, तोफा तिकडून आल्या. जाऊन यायला तास लागेल, बुरुजापर्यंत आज जाऊ नका, अंधार पडेल. पाणी आहे ना?

"अर्धी बाटली."

माझी बाटली त्यांना देतो. आजी उठते. "चढ किती हाये रे बापू?" विचारत ती चालायलाच लागते, आणि नाती तिच्या मागे पळतात.