ओढेल, पण थांबवील का?

गेल्या चतुर्थीच्या सुटीत मी बेळगावहून घरी आमोण्याला गेलो होतो. आमचे आमोणे डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती, आणि नेमका त्याच वेळी आमच्या वाड्यावरच्या अरुंद रस्त्यात चिऱ्यांनी भरलेला एक सहाचाकी ट्रक बंद पडला. त्याच्या मागे चित्रशाळेतून गणपती घेऊन निघालेला टेंपो अडकला. ट्रकचे इंजिन काही केल्या चालू होईना. तेव्हा जमलेल्या मंडळींचे लक्ष आमच्या काकांच्या जुन्या जिप्सीकडे गेले. "चारूय रोदां घुंवतात न्हय?" कोणीतरी म्हणाले. चारही चाके फिरतात ना, मग ओढायला काय हरकत आहे?

मी हौसेने चाकावर बसलो. दोर बांधला, खालचा गिअर टाकला आणि काय आश्चर्य! तो अवजड ट्रक हलला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. तीस-चाळीस पावले गेल्यावर पुढे नदीकडे उतरणारे वळण दिसले म्हणून मी ब्रेक दाबला. जिप्सी थांबली, ट्रक मात्र थांबला नाही. ट्रकच्या ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला, पण अर्धा क्षण उशिरा. तेवढ्यात ट्रक जिप्सीच्या पाठीवरील जादा चाकावर आदळला आणि आम्हाला दोन-तीन हात पुढे ढकलून थांबला.

काका खाली उतरले. त्यांनी ट्रकच्या चाकांना चिरे लावले, दोर सोडला आणि म्हणाले, "ओढलास खरा. पण या उतारावर थांबवणार होतास कसा?"

काकांनी पुष्कळ वर्षे खनिजाचा ट्रक चालविला आहे. २०१२ साली खाणी प्रथम बंद पडल्या आणि २०१८ साली पुन्हा बंद पडल्या, तेव्हा त्यांनी तो विकला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. नंतर वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि जे समजले ते वाचकमित्रांपुढे ठेवीत आहे.

पहिला प्रश्न असा, की एक टनाच्या गाडीने सोळा टनांचा ट्रक हललाच कसा? आपण सहज म्हणतो की "सोळा टन ओढले." पण सपाटीवर आपण वजन ओढीत नसतो, तर त्या वजनामुळे होणारा विरोध ओढीत असतो. मांडवीतून हजार-दोन हजार टन खनिज घेऊन जाणाऱ्या बार्जी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको. पाण्याचा विरोध संथ गतीला फार कमी असतो, म्हणून मानाने लहान इंजिनही तेवढा भार वाहून नेते. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर हवा भरलेल्या टायरचा विरोध वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे सोळा टनांच्या ट्रकला सुमारे १६० किलोग्रॅम भाराइतका जोर पुरतो. बंद पडलेली बस आठ-दहा प्रवासी उतरून ढकलतात ती याच कारणाने.

दुसरा प्रश्न, जिप्सी किती जोर लावू शकते? येथे बहुतेकांचा समज असतो की इंजिन जितके मोठे तितकी ओढ जास्त. संथ ओढीच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. १३०० सीसीच्या त्या लहान इंजिनाचा पीळ खालच्या गिअरमधून चाकापर्यंत पोचता पोचता तीसेक पटीने वाढतो. अडचण असते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीची. कोरड्या डांबरावर ही पकड टायरवर असलेल्या वजनाच्या सुमारे सात दशांश असते. एक टनाच्या गाडीला म्हणून ७०० किलोग्रॅमच्या आसपास जोर मिळतो. त्यापलीकडे कितीही अॅक्सिलरेटर दाबा, चाके जागच्या जागी फिरतात. ओल्या चिखलात हीच पकड तीन दशांशावर किंवा त्याहूनही खाली येते.

चार चाकांचा उपयोग येथेच कळतो. फक्त मागची दोन चाके फिरत असतील तर गाडीचे जवळजवळ निम्मेच वजन कामी येते. चारही फिरली तर सगळे येते. म्हणजे चार चाकांनी ओढ फार तर दुप्पट होते. ती नवी शक्ती निर्माण करीत नाहीत, असलेल्या वजनाचा पुरता उपयोग करतात एवढेच. अलीकडच्या कित्येक 'ऑल व्हील ड्राइव्ह' मोटारींत तर जिप्सीसारखा खालचा गिअरही नसतो. त्यांनी असे ओझे हलवावयाचे म्हटले तर क्लच घसरत राहतो, तापतो आणि जळतो.

त्या दिवशी एका मुलाने सुचविले होते की जिप्सीत मागे दहा चिरे टाका. सगळे हसले, पण त्याचे शास्त्र बरोबर होते. एक चिरा अंदाजे तीस किलोचा धरला तर तीनशे किलो वजन वाढले आणि ओढ दोनशे किलोने वाढली. २००६ साली इंग्लंडमध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या टुआरेग मोटारीने १५५ टनांचे बोइंग ७४७ विमान ओढून दाखविले. त्या मोटारीत चार टनांहून अधिक लोखंड भरलेले होते. शिवाय विमानतळाची जमीन सपाट, कठीण आणि कोरडी. चित्र पाहणाऱ्याला मोटार आणि विमान दिसते. लोखंड आणि सपाटी दिसत नाही.

आता ही सपाटी काढून घेऊ. दहा फुटांत एक फूट चढणारा रस्ता आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. अशा चढावर सोळा टनांचा एकदशांश, म्हणजे १६०० किलोग्रॅम भार, केवळ गुरुत्वाकर्षणाचाच मागे खेचतो. जिप्सीजवळ आहेत सातशे. मऊ चिखलात चाके रुतली असतील तर सपाटीवरही विरोध वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही वर जातो. म्हणजे चढ असो वा चिखल, उत्तर एकच : ट्रक हलणार नाही. मग लोक दोर ढिला ठेवून हिसका मारतात. त्या एका क्षणात दोरावर कित्येक पट ताण येतो. तो तुटला, किंवा त्याचा हूक उपटून निघाला, तर गोफणीतल्या धोंड्यासारखा सुटतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याने जाऊ शकतो.

कुळ्याहून कॅसल रॉकला चढणारा घाट आपल्यापैकी पुष्कळांनी आगगाडीतून पाहिला असेल. त्याचा चढ ३७ फुटांत १ फूट, म्हणजे आमच्या वाड्याच्या उतारापेक्षा सौम्यच. तरीही तीन हजार टनांच्या मालगाडीला तेथे नुसते गुरुत्वाकर्षण ८१ टन जोराने मागे खेचते. १२०-१२५ टनांच्या एका इंजिनाची रुळावरची पकड सुमारे ३५-४० टनांची. म्हणून मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. पण रेल्वेची खरी शहाणीव दुसरीकडे आहे. गाडी उतरताना ती थांबविण्याचे काम एकट्या इंजिनावर सोपविलेले नसते. प्रत्येक डब्याला स्वतःचे ब्रेक असतात.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ओढताना पकडीची जी मर्यादा, तीच ब्रेक लावताना. जिप्सी जास्तीत जास्त सातशे किलोग्रॅम जोराने अडवू शकते. दहास एक उतारावर ट्रक १६०० किलोग्रॅम जोराने पुढे ढकलणार. त्यातून टायरच्या विरोधाचे १६० वजा केले तरी १४४० उरतात. सातशेने चौदाशे चाळीस अडत नाहीत. चारही चाके जाम केली तरी ट्रकचा वेग वाढतच गेला असता आणि जिप्सी त्याच्यापुढे घसरत नदीच्या दिशेने गेली असती. शिवाय दोर फक्त ओढू शकतो, अडवू शकत नाही. पुढची गाडी थांबली की दोर ढिला पडतो आणि मागची गाडी अंगावर येते. सपाटीवर चालण्याच्या वेगातही मला त्याचा अनुभव आलाच.

"मागच्या ट्रकला ब्रेक नाहीत का?" असे कोणी विचारील. आहेत, पण ते हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिन भरते. इंजिन बंद असता टाकीत उरलेली हवा थोड्याच वेळा ब्रेक दाबून संपते. आजच्या बहुतेक ट्रकांत हवा संपली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप आवळले जातात. तेव्हा ट्रक भलत्या जागी अडकून बसतो, आणि हे न कळून पुढचा ओढीत राहिला तर दोर तुटतो. पॉवर स्टिअरिंगही इंजिनावरच चालते. ते बंद झाले की सुकाणू दगडासारखे जड होते.

ब्रेकचे महत्त्व मोटार बनविणारेही जाणतात. युरोपात २०१८ नंतर विकल्या गेलेल्या सुझुकी जिम्नीला, स्वतःचे ब्रेक असलेली मागची गाडी १३०० किलोपर्यंत ओढण्याची मुभा दिलेली आहे. ब्रेक नसलेली गाडी मात्र फक्त ३५० किलोपर्यंत. मोटार तीच, इंजिन तेच. फरक फक्त थांबविण्याचा. आपल्याकडे १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांत ओढणाऱ्या गाडीला ताशी २४ किलोमीटरची मर्यादा घातली होती. दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरहून अधिक नसावे आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक ड्रायव्हर बसलेला असावा, असेही त्यांत सांगितले होते. त्यामागचा हेतू आता सहज ध्यानात येईल.

तेव्हा लहान चारचाकी ओढीची गाडी मोठा ट्रक ओढू शकेल काय? रस्ता सपाट, कठीण आणि कोरडा असेल, ट्रकचे ब्रेक सुटलेले असतील आणि त्याला रस्त्याच्या कडेला घेण्यापुरते चार पावले न्यावयाचे असेल, तर ओढू शकेल. त्यातही दोर हळूहळू ताणावा, बघ्यांना दूर उभे करावे आणि चाकांना लावण्यासाठी दगड हातात घेऊन दोघे बरोबर चालावेत. चढ, उतार वा चिखल असेल तर नाद सोडावा.

आमच्या ट्रकला त्या दिवशी दहा-बारा जणांनी धक्का देऊन कडेला घेतले. टेंपो निघाला, गणपती वेळेवर घरी पोचले. दुपारी तेवढाच दुसरा ट्रक आला, दोन्हींच्या मध्ये दोराऐवजी लोखंडी दांडा जोडला गेला आणि चिरे सावकाश उतारावरून खाली गेले. जिप्सीच्या मागच्या दाराला आलेला पोचा काकांनी अजून काढून घेतलेला नाही. मी गाडीची किल्ली मागितली की ते प्रथम मला तो दाखवितात.